कातडीने केलेली यादी

या वर्षीचा माझा सर्वांत आवडता अल्बम कोणता, तर म्हणे ‘चटणी विथ डीजे’. कलाकार कोण, तर बंटी ब्रदर्स. हे मी म्हणत नाही. माझ्या उजव्या कानामागे चिकटवलेला, हरभऱ्याच्या डाळीएवढा एक तुकडा म्हणतो. त्या तुकड्याचं नाव ‘कौल’. देवापुढे लावायचा कौल आता कानामागे लावायचा, आणि तोही रोज चार्ज करून.

यादीत दुसरा नंबर ‘शांतता प्रीमियम’चा. यात एक गुळगुळीत आवाजाचा बाप्या तासभर ‘आता श्वास घ्या... आता सोडा’ असं सांगत राहतो. अरे मेल्या, मी साठ वर्षं कुणी न सांगता घेतेय श्वास! तिसरा ‘विकासाची पहाट, भाग चार’. म्हणजे आमच्या वॉर्डातल्या उमेदवाराची प्रचारगीतं. ती मी जन्मात लावलेली नाहीत. रिक्षावर कर्णा बांधून तो माझ्या दवाखान्याखाली ठाण मांडून बसला होता. पण कौलाला काय, कानात गेलं ते मोजलं.

मी डॉ. वैजयंती सोनटक्के. नाशिकला कॉलेज रोडवर माझा दातांचा दवाखाना आहे. दात उपटणं हा धंदा, आणि गाणं ऐकणं हे व्यसन. दर डिसेंबरात मी माझी वर्षाची यादी करते, आणि ती स्वतःच्या डोक्याने करते. यंदा तिच्यात परभणीच्या चार पोरांचा ‘टँकर’ आहे. मेटल म्हणतात त्या जातीचं संगीत. त्यांची गिटार रिव्हर्समध्ये अडकलेल्या टँकरसारखी कण्हते, आणि पाणी कधीच येत नाही हे ऐकताना कळतं. मालेगावचा ‘धोटा’ आहे. यंत्रमागाच्या खटाखटीवर बांधलेली कव्वाली, तीही अशी की ऐकताना टाळ्या कुठे संपल्या आणि माग कुठे सुरू झाला ते सापडू नये. तुळजापूरचा एक संबळवादक आणि गिरगावातला एक सॅक्सोफोनवाला यांचं अल्बमभर चाललेलं भांडण आहे. दोघंही शेवटपर्यंत हार मानत नाहीत. मडगावच्या एका मुलीने अकॉर्डियनवर, गावातल्या लग्नाचे आवाज कापून-जोडून केलेला एक वेडा अल्बम आहे.

आणि सगळ्यांच्या वर, पहिला, ‘उतार’. माझ्या मैत्रिणीचा. कालिंदी पळशीकरचा.

मैत्रीण म्हणून पहिला नंबर दिला, असं कुणाला वाटत असेल तर त्याने आपले दात घेऊन दुसऱ्या डॉक्टरकडे जावं. कालिंदीने आयुष्यभर शाळेत पोरांकडून प्रार्थना बसवून घेतल्या, आणि निवृत्त झाल्यावर हा एकच अल्बम केला. आवाज, पेटी आणि चेलो, बस. सात चिजा आहेत, आणि प्रत्येक चीज आधीच्यापेक्षा अर्ध्या सुराने खाली सरकते. शेवटी ती गाते की बोलते ते कळत नाही. चौथ्या चिजेत मात्र एकदाच ती वरच्या षड्जाकडे जाते. जाण्याआधी एक श्वास घेते. तो श्वास मी वर्षभर ऐकत आले. रेकॉर्डिंग संपलं आणि पुढच्याच महिन्यात तिची थायरॉइडची शस्त्रक्रिया झाली. त्यात आवाजाची नस दुखावली. आता ती कुजबुजते. म्हणजे ‘उतार’ हा तिचा पहिला अल्बम आणि शेवटचाही.

तर कौलाने या ‘उतार’ला माझ्या नावावर शंभरपैकी किती गुण दिले? चार.

आमचा एक श्रवणकट्टा आहे. आम्ही दहा-अकरा जण वीस वर्षं दर रविवारी जमतोय. डिसेंबरातल्या शेवटच्या रविवारी एकेकाने आपला वर्षाचा अल्बम लावायचा, बाकीच्यांनी ऐकायचा. नियम एकच. अल्बम चालू असताना तोंडातून अक्षर काढायचं नाही. जो बोलेल त्याने सगळ्यांना मिसळ द्यायची. या नियमापायी आमचे अध्यक्ष अरविंद चौबळ यांनी नाशिकमधली निम्मी मिसळ-दुकानं जगवली असतील. चौबळ पूर्वी वॉटर प्युरिफायर विकत. गप्प बसणं हा त्यांना आजार वाटतो. शेवटी त्यांनीच तोड काढली. अल्बम सुरू झाला की ते दाढेखाली लवंग धरतात आणि ती सुटू नये म्हणून तोंड मिटून बसतात.

कौल आल्यापासून कट्ट्यावर स्वतःची यादी करणारी मी एकटी उरले. बाकीचे कौलाची यादी वाचून दाखवतात, रक्ताच्या तपासणीचा रिपोर्ट वाचावा तशी. मीही कौल लावते, कारण तो कानामागे नसेल तर ‘स्वरभांडार’ उघडतच नाही, आणि आता सगळं संगीत त्या भांडारातच असतं. पण म्हणून मी त्याचं ऐकायचं?

यंदा डिसेंबरातल्या पहिल्याच रविवारी चौबळांनी माझी कौलाची यादी स्क्रीनवर लावली. ती सगळ्यांची सगळ्यांना दिसते. खासगी म्हणून काही ठेवलेलंच नाही हल्ली.

“डॉक्टरीणबाई,” ते म्हणाले, “तोंडाने कव्वाली न् कातडीने चटणी!”

सगळे हसले. कुलकर्ण्यांच्या सुनेला तर ठसका लागला.

“चौबळ,” मी म्हटलं, “तुमच्या प्युरिफायरचं पाणी पिऊन दात किडलेले चौदा पेशंट आहेत माझ्याकडे. त्यांचीही यादी वाचू का?”

“चिडू नका हो. यंत्र खोटं बोलत नाही. माणूस बोलतो.”

हे वाक्य आजकाल शेंबडं पोरसुद्धा ऐकवतं. कौल करतो काय, तर कातडीचा घाम, अंगावरचा काटा, नाडीचे ठोके, श्वास असलं सगळं दर सेकंदाला मोजतो आणि अल्बमला आकडा देतो. वर्षभरात तो अल्बम तुम्ही जितक्या वेळा ऐकलात त्यातला सगळ्यांत वरचा आकडा धरतात. त्यातून तुमचे पहिले दहा ठरतात. म्हणजे तुम्हाला काय आवडतं ते तुम्हाला विचारायची गरजच नाही. किती सोय! लग्नंसुद्धा आता याद्या जुळवून ठरतात म्हणे.

मी हे हसण्यावारी नेलं असतं. पण दोन दिवसांनी कालिंदी दवाखान्यात आली. शेवटचा पेशंट गेल्यावर पेशंटच्या खुर्चीत बसली आणि फोन माझ्यापुढे धरला. भांडाराचा निरोप होता. जो अल्बम वर्षअखेर एकाही श्रोत्याच्या पहिल्या दहांत नसेल, तो भांडारातून काढला जाईल. ‘उतार’ कुणाच्याही यादीत नव्हता.

“कॉपी आहे ना तुझ्याकडे?” मी विचारलं.

“आहे गं. पण कपाटात ठेवलेलं गाणं काय कामाचं? मीच गायचं, मीच ऐकायचं?” ती कुजबुजत होती, म्हणून मला वाकून ऐकावं लागत होतं. “मला वाटलं होतं, कुठेतरी कुणीतरी अनोळखी माणूस चुकून लावेल. मी गेल्यावरसुद्धा.”

“मी लावते की! रोज लावते. माझा पहिला नंबर आहे तो.”

तिने यादी उघडली. माझीच. बोटाने खाली, आणखी खाली सरकवत नेली. ‘उतार’ तिला अगदी तळाशी सापडला, एका टूथपेस्टच्या जाहिरातीच्या खाली.

“चार,” ती म्हणाली. “वैजू, मला बरं वाटावं म्हणून म्हणत होतीस ना?”

मला असा संताप आला! तिचा नाही, त्या डाळीचा. चाळीस वर्षांची आमची मैत्री. कॉलेजच्या स्नेहसंमेलनात तिचा सूर लागला नाही तेव्हा तोंडावर सांगणारी मी एकटी होते. माझ्या तोंडावर विश्वास ठेवूनच तिने हा अल्बम करायचं धाडस केलं होतं. आणि आता त्या तोंडापेक्षा माझी कातडी खरी?

“कालिंदी, ते यंत्र दळभद्री आहे.”

“सगळ्यांचं बरोबर येतं, तुझंच चुकतं?” ती उठली. “जाऊ दे. चार तर चार.” पर्स उचलून ती निघून गेली. चहा घेतला नाही. ती चहा न घेता कधी गेलेली नाही.

यंत्र चुकतं कुठे, ते मला ठोसरांनी शिकवलं. ठोसर म्हणजे माझे रूट कॅनॉलचे पेशंट. एवढा धिप्पाड माणूस, पण सुई पाहिली की खुर्चीचे हात उपटायला निघतो. ते दाढेवर टोपी बसवून घ्यायला आले आणि बसल्या बसल्या म्हणाले,

“डॉक्टर, थँक्यू हं! तुमच्याकडे बासरी लावता ना, ती माझी यंदाची एक नंबर आली. अठ्ठ्याण्णव! मला बासरी एवढी आवडते हे मलाच माहीत नव्हतं. आता घरी तीच वाजते. भांडार आपणहून लावतं.”

“मग मजा येते ऐकताना?”

ठोसर थोडे घुटमळले. “येत असणार. पण काय होतं माहितीये का, बासरी लागली की ही दाढ ठणकते.”

मी हातातला आरसा खाली ठेवला. अहो, अठ्ठ्याण्णव बासरीला नव्हते, माझ्या ड्रिलला होते!

मग मात्र मला हसू येईना. शरीर हललं की किती हललं ते मोजता येतं. का हललं ते मोजता येत नाही. आनंद झाला, भीती वाटली, डोक्यात तिडीक गेली, तिन्ही वेळा मज्जातंतू तेच, घाम तोच, काटा तोच. दाराची घंटी वाजली एवढंच कळतं. दारात पाहुणा आहे की वसुलीवाला, ते घंटी सांगत नाही. कौल घंटीचा आवाज मोजतो आणि पाहुणा आला म्हणून पाट मांडतो. बंटी ब्रदर्स ऐकताना माझं डोकं फिरतं, म्हणून ते पहिले. श्वास घ्यायला शिकवणारा बाप्या ऐकून हात शिवशिवतात, म्हणून तो दुसरा. आणि माणूस खरा रमला की? श्वास लांब होतो, ठोके उतरतात, कातडी कोरडी पडते. ‘उतार’ लागला की मी अशीच होते. घरी आल्यासारखी. यंत्राच्या हिशेबी ही बाई कंटाळलीय. चार गुण.

आता पुढचं बघा. बनवणाऱ्यांना आकडे दिसतात. ज्याने आकडा चढतो तेच ते बनवतात. मग भांडार तेच आपल्याला पुन्हा ऐकवतं, आपण पुन्हा चिडतो, आकडा पुन्हा चढतो. गेल्या काही वर्षांत लिफ्टमध्ये, बसमध्ये, बँकेत जे काही वाजतं ते ऐकून कानशिलं का तापतात, त्याचं उत्तर मला दाढ भरता भरता मिळालं. अख्खं शहर ज्याने चिडतं त्यालाच आपली आवड समजून कुरवाळत बसलंय. आणि वर एकमेकांना अभिनंदनाचे निरोप पाठवतंय.

मी भांडाराला सविस्तर लिहिलं. उत्तर आलं, ‘आपला अभिप्राय आम्हाला मोलाचा वाटतो. आमच्या श्रोत्यांचं समाधान यंदा विक्रमी आहे.’ शाबास! ठणकत्या दाढेचं समाधान.

कालिंदीलाही फोन करून सगळं सांगितलं. बासरी, ड्रिल, घंटी, सगळं. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

“म्हणजे तुला चार आले कारण तुला फार आवडलं,” ती म्हणाली. “वैजू, माझी किती समजूत काढशील? दमशील गं.” आणि फोन ठेवला.

 माझं खरं कारणच ऐकायला पोकळ सबबीसारखं होतं. एक आकडा माझ्या तोंडून निघालेल्या चाळीस वर्षांच्या शब्दाला पुरून उरला होता. मग मी ठरवलं, आकडाच हवा ना तुम्हाला? घ्या आकडा.

मला ‘उतार’ ऐकताना चिडायचं होतं. एवढंच. पण ते सोपं नव्हतं. मी बर्फ मानेला लावून पाहिला. आयकराचे कागद समोर ठेवून पाहिले. पंख्याखाली ओल्या केसांनी बसले, तर सर्दी झाली आणि आकडा गेला अकरावर. कालिंदीचा सूर लागला की राग वितळूनच जायचा. मला कुणीतरी असं हवं होतं, जे त्या सुरातसुद्धा मला शांत बसू देणार नाही. आणि असा माणूस मला वीस वर्षं आयता मिळालेला होता.

शेवटचा रविवार आला. कट्टा माझ्याच घरी होता. कालिंदी आली नाही. माझी पाळी आली तशी मी चौबळांना शेजारच्या खुर्चीत बसवलं. त्यांनी सवयीने लवंग काढली.

“ती ठेवा खिशात,” मी म्हटलं. “आज बोला. ‘उतार’ संपेपर्यंत बोलत राहा. मिसळ माझ्याकडून.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. वीस वर्षांत कट्ट्याचा नियम कुणी असा विकत घेऊन मोडला नव्हता.

“बाई, बऱ्या आहात ना?” चौबळ म्हणाले.

“उत्तम. काय वाटेल ते बोला. माझ्या कानाशी.”

अल्बम सुरू झाला. पहिल्या चिजेत चौबळ चक्क लाजले. “काय बोलू बुवा...” म्हणत राहिले. आयुष्यभर ज्याची वाट पाहिली ते असं समोर आल्यावर माणूस बावरतो. दुसऱ्या चिजेत मात्र गाडी रुळावर आली. सोसायटीची पाण्याची टाकी, जावयाची नवी नोकरी, मूळव्याधीवरचा एक लेप. मी भिंतीवरच्या स्क्रीनवर आकडा बघत होते. एकोणीस. बावीस. तिसऱ्या चिजेत त्यांनी टेबलावर ठेका धरला, तोही चुकीचा. चाळीस. पण कालिंदीचा आवाज अर्धा सूर खाली सरकला, चेलो मागून आला, आणि मी नको म्हणत असताना माझे खांदे सैल पडले. आकडा घसरत सतरावर आला. मला रडूच येईल असं वाटलं. किती सुंदर गातेय ही, आणि माझ्या या सुंदर वाटण्यानेच तिचं गाणं मरणार.

चौथी चीज. तो श्वास जवळ आला. चौबळ कंटाळले होते. त्यांनी जांभई दिली, माझ्या कानाशी आले आणि अगदी सहज, गमतीत म्हणाले,

“एक बरं झालं बघा, बाईंचा आवाज गेला. दुसऱ्या अल्बमची तरी भीती नाही.”

आणि कालिंदीने श्वास घेतला.

माझ्या पायापासून डोक्यापर्यंत काटा आला. हाताच्या मुठी वळल्या. त्या माणसाची बत्तिशी तिथल्या तिथे, भूल न देता, एकेक करून हातात द्यावी असं वाटलं. कानशिलात ठोके पडत होते. कालिंदी वरच्या षड्जावर उभी होती आणि मला ती ऐकूच येत नव्हती. स्क्रीनवरचा आकडा चढत गेला आणि अल्बम संपला तेव्हा ब्याण्णववर थांबला. बंटी ब्रदर्स दुसऱ्या नंबरावर गेले.

“वा!” चौबळ टाळ्या पिटत म्हणाले. “म्हणजे आवडतोच की हो तुम्हाला!”

मी उठले आणि मिसळ मागवली. मी स्वतः खाल्ली नाही. त्यांच्या शेजारी बसून घास उतरला नसता.

वर्ष संपलं. ‘उतार’ भांडारात राहिला. ब्याण्णव कुठे आले असं कालिंदीने विचारलं, तेव्हा चौथ्या चिजेतल्या श्वासाला काटा आला एवढंच मी सांगितलं; चौबळांचं नाव काढलं नाही. जानेवारीत बेळगावहून एका बाईने कालिंदीला लिहिलं की ती रोज स्वयंपाक करताना तो लावते. मग चंद्रपूरच्या एका ट्रकवाल्याने लिहिलं, आणखी कुणीकुणी लिहिलं. आकडे सगळ्यांचे मेले आठ-दहाच्या आसपास, पण ऐकत होते. कालिंदी मला ती पत्रं वाचून दाखवायची, त्या चिरक्या कुजबुजीत, आणि मध्येच थांबून हसायची. मला फार बरं वाटायचं. हे सांगायला मला कसलाही संकोच नाही.

फक्त मी तो लावत नव्हते. लावून पाहिला होता, दवाखान्यात, एकटीने. पहिल्या तीन चिजांत टाकी आणि जावई. ते एक वेळ चाललं असतं. पण चौथ्या चिजेत तो श्वास आला आणि त्या श्वासाच्या आत चौबळ बसलेले होते. मी बंद केला. चार-पाचदा तरी तसंच झालं. जगातल्या सगळ्यांसाठी तो अल्बम वाचला होता. एक मी सोडून.

मग एका रविवारी कालिंदी घरी आली. चहा घेतला, पुन्हा मागून घेतला. म्हणाली,

“वैजू, आपण दोघींनी मिळून तो कधी ऐकलाच नाही. लाव ना. मला तुझं तोंड बघायचंय ऐकताना. ब्याण्णववालं.”

नाही कसं म्हणणार? लावला. ती माझ्या शेजारी, चौबळ बसले होते त्याच खुर्चीत बसली. मी डोळे मिटून घेतले, दात दातांवर ठेवले. पहिली चीज गेली, दुसरी गेली, तिसरी गेली. चेलो मागून आला. मला ठाऊक होतं, आता. कालिंदीने श्वास घेतला, आणि त्या दळभद्र्या माणसाचं ते वाक्य सबंध, अक्षर न् अक्षर, माझ्या कानात वाजलं. माझ्या हातावर सर्रकन काटा उभा राहिला.

कालिंदीने तो पाहिला. हळूच बोट टेकवून मनगटापासून कोपरापर्यंत फिरवलं. तिचे डोळे भरून आले होते.

“अजून येतो गं तुला,” ती कुजबुजली. “त्याच जागी.”

“हो,” मी म्हटलं. “त्याच जागी.”